पाच टक्के

डुलुथच्या नव्या वाचनालयातली फरशी बाबांनी बसवली.
साडेअकरा हजार चौरस फूट, करडी,
ऑक्टोबरात सरोवरावर जो रंग चढतो
त्याच्या जवळपासची.
शंभरातले पंच्याण्णव मिळाले, महिन्याच्या महिन्याला, कुरकुरत.
पाच राहिले.
"राखून ठेवलेत," मुख्य कंत्राटदार म्हणाला,
जणू लोणचं आहे, मुरायचं आहे.

बाबा म्हणजे रेइनो कांतोला, वय एकसष्ट.
जन्म गेला गुडघ्यांना रबरी वाट्या बांधून,
म्हणून की काय, फोनवर मात्र उभं राहून बोलतात.
दर सोमवारी उभे राहिले.
दर सोमवारी एकच उत्तर:
नगरपालिकेनं अजून सोडले नाहीत.
बाबा म्हणायचे, "सरकारी काम आहे, वेळ लागतो,"
आणि फोन ठेवताना आभारही मानायचे.

हिशेब मी बघते.
चौघांचे पगार, व्हॅनचा हप्ता,
आणि ते पाच टक्के, एकोणीस हजार चारशे डॉलर,
म्हणजे त्या कामातला आमचा सगळा नफा.
पंच्याण्णव तर वाळूत, चिकटमालात, गुडघ्यांत
कधीच जिरले होते.

कुणाचं घर असतं तर घरावर बोजा चढवला असता.
वाचनालयावर चढत नाही.
लोकांच्या भिंतीला हात लावायचा नाही,
तिच्या पायाशी वर्षभर रांगलेल्यानंही नाही.
भिंतीऐवजी कायद्यानं एक जामीन उभा केलाय:
विमा कंपनी, दुसऱ्या राज्यातली,
कंत्राटाच्या चाळिसाव्या पानावर, बारीक अक्षरात.
तिला कळवायचं. कंत्राटदाराला कळवायचं.
पोच घेऊन,
तुमच्या शेवटच्या कामापासून एकशे वीस दिवसांत.
एकशे एकविसाव्या दिवशी
तुम्ही नुसते एक चांगले कारागीर असता.

आधी नगरपालिकेत गेले.
खिडकीमागे सोल्वेग, चष्मा दोरीला, हातात अर्धं सफरचंद.
म्हणाली, "अर्ज दे. कागद सगळ्यांचे आहेत,
म्हणजे तुझेही."
नवव्या दिवशी एक पान आलं.
राखीव रक्कम: पूर्ण अदा. चौदा नोव्हेंबर.
त्यानंतर बाबा
दहा सोमवार उभे राहिले होते.

मग मी दिवस मोजले.
आमच्या बिलावर काम संपलं पाच सप्टेंबरला.
मुदत तीन जानेवारी. आज वीस.
परत मोजले, बोटांवर,
कॅल्क्युलेटर खोटं बोलत असल्यासारखे.
बाबांना काही बोलले नाही. भांडी घासत राहिले.

बाबांनी मात्र पान उचललं, दिव्याखाली धरलं,
राग आला की नाही ते कळू दिलं नाही.
एवढंच विचारलं,
"आणि उंबरठा?"

उंबरठ्याचा दगड खाणीतूनच उशिरा आला होता.
आम्ही सगळे तोवर दुसऱ्या गावी, दुसऱ्या कामावर.
बाबा एकटे गेले, पहाटे, दार उघडायच्या आत.
कंत्राटात होता, नकाशात होता,
फक्त माझ्या वहीत नव्हता.
पावती व्हॅनमध्ये सापडली, उन्हाच्या झडपेमागे,
चिकटमालाचा अंगठा तिच्यावर,
रखवालदाराची सही, आणि तारीख:
एकवीस ऑक्टोबर.
एकोणतीस दिवस हातात होते.

दुसऱ्या दिवशी टपालात रांगेत उभी राहिले,
दोन पाकिटं, बाहेर उणे बावीस.
पोचपावत्या मी अजून जपल्यात,
कशासाठी ते विचारू नका.

जामिनाकडून आधी फक्त एक दाव्याचा क्रमांक आला,
मग प्रश्नांचे चार कागद,
मग एक महिना काहीच नाही.
मार्चच्या एका मंगळवारी फोन वाजला.
कंत्राटदार होता. पहिल्यांदाच त्यानं केलेला.
आवाज गोड, मुरलेला.
चेक तयार आहे म्हणाला,
दावा तेवढा मागे घ्या.

बाबांनी खुर्ची ओढली.
बसले. पाय लांब केले, एक, मग दुसरा.
"चेक वटू दे," म्हणाले.
"आणि नोव्हेंबरपासूनच्या व्याजाचं बोल."